काक मार्का गंजी

सियालदहच्या फलाटावर माझ्यापुढे एक मुलगा उभा होता आणि त्याच्या पाठीवर रॉकेलची रांग होती. पांढऱ्या गंजीवर काळ्या शाईत छापलेली. हातात डबे घेतलेली माणसं एकामागे एक उभी, आणि रांग वळत वळत जाऊन पुन्हा स्वतःलाच मिळालेली, त्यामुळे पहिला कोण आणि शेवटचा कोण ते कळत नव्हतं. मला हसू आलं. मग मी चित्र सोडून शाईकडे पाहायला लागले, कारण ती गंजी बऱ्याच वेळा धुतलेली होती, गळा पार लोंबत होता, आणि तरी छाप कुठे तडकला नव्हता.

विणलेलं कापड ताणलं जातं. त्यावर साधा ऑइलपेंट लावला तर दोन धुण्यांत त्याच्या खपल्या निघतात. या माणसानं काहीतरी वेगळं लावलं होतं. गंजीच्या खालच्या कडेला एक इवलासा कावळा छापला होता. नाव नाही, पत्ता नाही.

"ही कुठे घेतली?" मी हिंदीत विचारलं.

मुलानं वळून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दीदी, ही मुलांची आहे."

"मला घालायची नाही. कुठे मिळते?"

"मिळाली तेव्हा मिळाली," तो म्हणाला आणि डमडमची गाडी आली तशी गर्दीत घुसला. मलाही तीच गाडी हवी होती. मला चढता आलं नाही.

हे १९७४ सालचं. बाबांची बँकेतून नागपूरहून कलकत्त्याला बदली होऊन चार वर्षं झाली होती. मी इथेच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात, आणि त्यानंतर माझ्या अर्जांना एकच उत्तर येत होतं, ते म्हणजे काहीच नाही. नागपुरात आत्यानं ओळखीच्या शाळेत विज्ञानशिक्षिकेची जागा धरून ठेवली होती. शाळा जुलैत सुरू होणार. बाबांचं म्हणणं सरळ होतं: "तोवर इथे काम मिळालं तर राहा. नाही मिळालं तर तिकीट काढतो." मला शाळेत शिकवायचं नव्हतं. हातानं काहीतरी मिसळावं, ते बिघडावं, का बिघडलं ते शोधावं, एवढंच मला करायचं होतं, आणि ते करायला कुणी जागा देत नव्हतं.

म्हणून मी कावळा शोधायला लागले. घरी सांगितलं, नोकरी शोधतेय. ते खोटं नव्हतं.

सियालदहच्या घाऊक बाजारात गंज्यांच्या गल्ल्याच आहेत. हत्ती मार्का, चाँद मार्का, घोडा मार्का, सगळं मिळत होतं. कावळा म्हटल्यावर दुकानदार हसायचे. "काक मार्का? तो माल आम्ही ठेवत नाही. तो वेडा आहे." कोण वेडा? कुठे राहतो? ते कुणाला माहीत नव्हतं. या शोधात मला निराळेच लोक सापडले. श्यामबाजारात एक जण फुटबॉल क्लबांचे बिल्ले गंजीवर रंगवायचा. माझ्या नखानं त्याचा रंग निघाला आणि तो माझ्यावर ओरडला. बहूबाजारात एक म्हातारे गृहस्थ लाकडी ठशांनी वाघ उमटवत, पण त्यांचा वाघ पहिल्या धुण्यात बोका होई. प्रत्येकाला मी शाईबद्दल विचारलं. प्रत्येकाला वाटलं, मी कुठल्या तरी खात्याकडून तपासणीला आलेय.

शेवटी मला तो चित्रातल्यासारखाच सापडला, रॉकेलच्या रांगेत. बागबाजारात मैत्रिणीकडे गेले होते. रेशन दुकानापुढे रांग होती आणि तिच्यात एक उंच, दाढीवाला माणूस दोन्ही हातांत दोन डबे घेऊन उभा होता. अंगातल्या गंजीवर ट्रामच्या टपावर बसलेला मासा, आणि खाली कावळा. मागची बाई त्याला म्हणत होती, "दोन डबे? घरात हत्ती पोसलाय का?"

"स्वयंपाकाला नाही, मासीमा. चित्रं काढायला."

"ऐका! लोक उपाशी आणि हा रॉकेलनं चित्रं काढतो!"

मी तिथेच थांबले. रॉकेलनं. आता कळलं. रॉकेल आणि पाणी घुसळून लोण्यासारखं करायचं, त्यात रंग आणि चिकटवणारं रसायन घालायचं. रॉकेल उडून जातं, कापडावर पातळ, लवचीक थर राहतो, आणि म्हणून तो तडकत नाही. मी सरळ त्याच्यापाशी गेले आणि विचारलं, "रॉकेल किती टक्के घालता?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पोलीस की केमिस्ट?"

"केमिस्ट. तुमची कंपनी कुठे आहे?"

"रांगेत उभी आहे," तो म्हणाला. "नाव काय तुमचं?"

"शकुन."

तो इतका मोठ्यानं हसला की मागे मासीमा दचकल्या. बंगालीत शकुन म्हणजे गिधाड. कॉलेजात तीन वर्षं मी ते ऐकलं होतं, त्यामुळे मी तोंड वाकडं करून थांबले.

"माफ करा," तो म्हणाला. "पण कावळ्याच्या धंद्यात गिधाड आलं. याहून चांगलं काय पाहिजे?"

त्याचं नाव पुलक हालदार; मी पुढे पुलकदा म्हणायला लागले. आर्ट कॉलेज अर्धवट सोडलेलं. बागबाजारात नदीच्या बाजूला, एका जुन्या गुदामाच्या मागच्या खोलीत तो एकटाच गंज्या छापायचा. लाकडी चौकटीवर ताणलेली रेशमी जाळी, रबराची पट्टी, आणि शाई पक्की करायला कोळशाची इस्त्री, कारण विजेचा काही भरवसा नव्हता. छापून झालं की माल झोळीत घालून स्टेशनांवर, कॉलेजांच्या दारांत विकायचा, संपला की परत. एक चित्र पुन्हा छापायचा नाही. दुकानांना हे परवडत नव्हतं, म्हणून तो वेडा.

त्याची खरी अडचण रॉकेल होती. रांग हलली नाही की काम बंद. मी म्हटलं, रॉकेल कमी करता येईल. तो म्हणाला, करून दाखव. मी रोज डमडमहून जायला लागले. आम्ही हिंदीत बोलायचो. भांडण झालं की तो बंगालीत जायचा आणि मी मराठीत, आणि गंमत म्हणजे तेव्हाच एकमेकांचं नीट समजायचं.

चिंचोक्याच्या पिठाची खळ घेऊन मी तिच्यात रंग घट्ट केला. पहिली शाई पापडासारखी कडक झाली. दुसरी दमट हवेत नासली आणि खोलीभर असा वास सुटला की पुलकदा रुमाल बांधून चित्र काढत बसला. कार्बॉलिकचे थेंब घातल्यावर नासणं थांबलं. मग चिकटवणाऱ्या रसायनाचं प्रमाण, मग इस्त्रीची धग. दर वेळी मी गंजीचा तुकडा ताणायची, पिळायची, दगडावर घासायची. शेवटी जी शाई जमली तिला रॉकेल जवळजवळ लागत नव्हतं. शिवाय ती इतकी दाट होती की कापडाच्या वरच्या थरावरच बसायची, मागच्या बाजूला डागही उमटायचा नाही. पुलकदानं गंजी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"गिधाडा," तो म्हणाला, "तू कामाची आहेस. एखादी मोठी ऑर्डर नीट पार पडली तर क्लबवाले माझ्याकडे येतील. मग शाईचं खातं तुझं. पगारी."

मोठी ऑर्डर मीच आणली.

त्या जूनमध्ये शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं होत होती आणि आमच्या मराठी मंडळात धामधूम चालली होती. मंडळात दोन तट होते. एक आम्ही बदलीवाले, बँका आणि सरकारी कचेऱ्यांतले, दर तीन-चार वर्षांनी नवे. दुसरे इथेच जन्मलेले जुने लोक. समिती बदलीवाल्यांच्या हातात होती आणि जयप्रकाशदादा तिचा प्रमुख होता, विमा कंपनीतला तरुण अधिकारी, आवाज ढोलासारखा. लेझीम पथकाला एकसारखे कपडे हवे होते. मी पुलकदाच्या खोलीतून काही नमुने नेऊन दाखवले. ट्रामवरचा मासा पाहून जयप्रकाशदादानं नाक मुरडलं. पुढचा नमुना उचलला आणि तो ओरडलाच.

"अरे, हे बघा! बंगाली माणसानं मावळा काढलाय!"

खरंच देखणं चित्र होतं. चारही पाय हवेत असलेला घोडा, त्यावर पागोटं आणि झुपकेदार मिशांचा स्वार, हातात भाला, खोगिरामागे बांधलेलं मोठं गाठोडं. पाच-सहा रेघांत पुलकदानं घोड्याचा वेग पकडला होता.

"गाठोडं कसलं?" कुणीतरी विचारलं.

"शिदोरी," जयप्रकाशदादा म्हणाला. "मोहिमेवर निघालाय. केवढा अभ्यास केलाय बघा त्यानं!"

मी पुलकदाला निरोप सांगितला: आमच्या मराठी मंडळाला घोडेस्वार हवाय, पूर्ण पथकाला, शिवाजीमहाराजांच्या उत्सवासाठी. तो हातातली पट्टी खाली ठेवून बघतच राहिला. "हाच? तुमच्या लोकांनी स्वतः निवडला?"

"हो. खूप आवडला."

"कमाल आहे," तो म्हणाला. "मराठे स्वतःवर एवढे हसू शकतात हे मला माहीत नव्हतं. या चित्रासाठी मी माझा नियम मोडतो. पुन्हा छापतो."

ते वाक्य मला नीट कळलं नाही. पण मी तेव्हा शाई नव्या गंज्यांवर सारखी बसते का याचाच विचार करत होते.

उत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी मी गठ्ठे घेऊन मंडळाच्या हॉलमध्ये गेले. जयप्रकाशदादानं एक गंजी छातीशी धरून सगळ्यांना दाखवली. मुलांनी शिट्ट्या मारल्या. कोपऱ्यात दिगंबरकाका खुर्च्या मोजून घेत होते. ते जुन्या लोकांपैकी, तीन पिढ्या भवानीपुरात, शाळेत गणित शिकवायचे. ते जवळ आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. सरलावहिनींनी, म्हणजे जयप्रकाशदादाच्या बायकोनं, पाणी आणून दिलं.

"काका, काय झालं?"

"अरे, हा मावळा नाही. हा बर्गी आहे बर्गी!" ते म्हणाले. "लुटारू! इथल्या आया पोरं झोपत नाहीत तेव्हा याची भीती घालतात. त्या गाठोड्यात शिदोरी नाही रे, बंगाल्यांची भांडीकुंडी आहेत!"

जयप्रकाशदादानं गंजी पुन्हा डोळ्यांसमोर धरली.

"पण तो मराठा आहे," जयप्रकाशदादा म्हणाला.

"मराठाच! म्हणून तर." काका माझ्याकडे वळले. "तुम्ही नागपूरचे ना? सव्वादोनशे वर्षांपूर्वीची तुमच्याच भोसल्यांची फौज ही. इथे वर्षानुवर्षं येऊन गावं जाळून गेली. कलकत्त्याच्या लोकांनी घाबरून बागबाजारपासून खंदक खणला. जिथून तू या गंज्या आणल्यास ना, तिथूनच."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?" जयप्रकाशदादानं विचारलं.

"आम्हाला विचारलं कुणी? आम्ही 'बंगाली मराठी'. आमच्याकडे खुर्च्या मोजण्याचं खातं आहे."

जयप्रकाशदादाचा चेहरा लाल झाला. हा राग काकांवर काढता येत नव्हता, म्हणून तो माझ्यावर निघाला. "शकुन, तू रोज त्याच्याकडे जातेस. तुला कळलं नाही?"

"निवडलं तुम्ही," मी म्हटलं.

"चित्र मी निवडलं, पण माणूस तुझा होता! महाराजांच्या उत्सवात आपण लुटारू घालून नाचायचं? बंगाली लोक टाळ्या वाजवतील!"

दुसऱ्या गंज्या आणायला वेळ नव्हता, मंडळाकडे पैसेही उरले नव्हते. साधे सदरे घालावेत तर प्रत्येकाचा रंग वेगळा. कुणी म्हणालं, वरून भगवा झेंडा छापा. मी म्हटलं, एका रात्रीत वाळणार नाही, आणि दुसऱ्याच्या चित्रावर मी छापणार नाही. त्यावर जयप्रकाशदादा काय बोलला ते इथे लिहीत नाही. शेवटी सरलावहिनी म्हणाल्या, "अहो, उलट्या घाला की. शिवण बाहेर दिसेल, दिसू दे. फेटे भगवे आहेत, लोक तिकडेच बघतील."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आतून दिसेल?" जयप्रकाशदादानं विचारलं.

हा प्रश्न मला येत होता. मी एक गंजी उलटी केली, खिडकीपाशी नेली, आत पुठ्ठा घालून ताणली. मागची बाजू स्वच्छ पांढरी. "शाई वरच बसते. आरपार जात नाही. दिसणार नाही."

"नक्की?"

"मी सांगतेय ना. नक्की."

त्या क्षणी, खरं सांगायचं तर, मला बरंच वाटलं. लोकांच्या लेखी त्या चित्राचं काय व्हायचं ते होवो, शाई चोख होती. ऑर्डर परत जाणार नव्हती. पुलकदाला फक्त एवढं सांगायचं की गंज्या घेतल्या, घातल्या. कशा घातल्या ते सांगायची गरज नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. मिरवणूक मंडळाच्या हॉलपासून पार्कापर्यंत जाणार होती आणि रस्त्याच्या कडेला माणसं जमली होती. त्यांत तो उभा होता, धुतलेला पायजमा, विंचरलेली दाढी. मला पाहून त्यानं हात केला. पथक बाहेर आलं. पांढऱ्या विजारी, भगवे फेटे, पांढऱ्या कोऱ्या गंज्या, खांद्यावर उसवलेल्या धाग्यांसारखी शिवण.

त्याचा हात तसाच वर राहिला.

मी त्याच्याकडे गेले नाही. जाऊन काय सांगणार होते? ढोल सुरू झाला. जयप्रकाशदादा पुढे, शिट्टी तोंडात. लेझीम वाजायला लागली आणि बाजूचे लोक सरकून जागा करून द्यायला लागले. मुलं चांगली खेळत होती. वाकत होती, उठत होती, गिरक्या घेत होती. हवा गरम आणि ओली होती, कलकत्त्यात जूनमध्ये असते तशी, अंगावर टॉवेल ठेवल्यासारखी. पहिला डाव संपला तेव्हा सगळ्यांचे गळे भिजले होते. दुसरा संपला तेव्हा छात्या.

आणि पहिल्या रांगेतल्या मुलाच्या छातीवर मला एक भाला दिसला.

आधी वाटलं, सावली आहे. मग घोड्याचं तोंड उमटलं. मग मिशा. शेजारच्याच्या छातीवर गाठोडं. कोरडं सुती कापड पांढरं दिसतं कारण धाग्यांमधल्या हवेमुळे उजेड विखुरतो. ओलं झालं की त्या हवेच्या जागी पाणी येतं आणि कापड पारदर्शक होतं. हे मी पहिल्या वर्षाला शिकले होते. शाई आरपार गेली नव्हती. शाई होती तिथेच होती. आम्हीच आरपार दिसत होतो.

एकामागून एक सगळे स्वार उमटले, उलटे, उजव्या हातातला भाला डाव्या हातात घेतलेले, आणि मुलांच्या गिरक्यांबरोबर खरंच दौडायला लागले.

कडेला उभ्या असलेल्या एका आजोबांनी आधी ओळखलं. "ओरे! बर्गी!" ते ओरडले. "बर्गी आलेत!" मग हशा पसरत गेला. गॅलरीतून एका बाईनं कडेवरच्या पोराला पदरात झाकल्याचं नाटक केलं. कॉलेजची पोरं शिट्ट्या मारायला लागली, टाळ्या पडल्या. लेझीमच्या मुलांना वाटलं, आपलं कौतुक होतंय, आणि ती आणखी जोरात खेळायला लागली. जितकी जोरात खेळत, तितकी भिजत.

जयप्रकाशदादानं मागे वळून पाहिलं. शिट्टी त्याच्या तोंडातून गळून दोरीला लोंबकळली.

पथक थांबवून परत हॉलमध्ये नेलं. जिना चढताना तो मला सगळ्यांसमोर म्हणाला, "नक्की, नाही का? पहिला वर्ग, नाही का?" मी कोरडी गंजी तपासली होती. जूनमध्ये, लेझीम खेळणाऱ्या मुलांची गंजी, मी कोरडी तपासली होती.

पुलकदा खाली थांबला होता. मला पाहिल्यावर त्यानं आधी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. हसून झालं, मग रागावला.

"उलट्या घालणार हे मला सांगितलं का नाहीस?"

"तू दुखावला असतास."

"आता काय झालोय?" तो बंगालीत गेला. "शाईबद्दल तू मला इतके प्रश्न विचारलेस. किती धग, किती चिंचोका, किती थेंब. चित्र कशाचं आहे हे एकदा तरी विचारलंस?"

मी मराठीत गेले. "आणि तू? मराठी मंडळ, महाराजांचा उत्सव, सगळं माहीत होतं तुला. बर्गी घालून लोक आपल्या राजाचा उत्सव करतील असं वाटलंच कसं तुला? एकदा विचारायचं होतंस!"

"मला वाटलं, तुम्हाला विनोद कळतो!"

"तुला वाटलं! आणि बोलणी मी खाल्ली!"

रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. एक कॉलेजचा मुलगा त्याच्यापाशी आला आणि विचारलं, "दादा, ही बर्गीवाली गेंजी कुठे मिळते?" पुलकदानं त्याला हातानं बाजूला केलं. तो गेला नाही. त्याच्यामागे आणखी दोघं आले.

घरी बाबा आधीच पोचले होते. मंडळात त्यांना काय ऐकावं लागलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "त्या माणसाकडे आता जायचं नाही," ते म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. "जयप्रकाशला चार ओळी लिहून दे, चूक झाली म्हणून. आणि मी तिकीट काढतो."

"चूक झाली हे मी त्याला तोंडावर सांगीन. कापडाच्या बाबतीत. चित्राच्या बाबतीत त्यानं सांगावं."

"शकुन."

"बाबा, जुलै लागायचाय अजून."

त्यांनी पेपर उघडला आणि चेहरा झाकेल असा धरला.

चार दिवसांनी मी बागबाजारला गेले तेव्हा पुलकदा जाळी ताणत बसला होता. भिंतीशी कोऱ्या गंज्यांचे गठ्ठे होते, याआधी त्या खोलीत मी कधी पाहिले नव्हते इतके. त्यानं मान वर केली नाही.

"भवानीपूरच्या पोरांना बर्गी हवाय. श्यामबाजारच्या क्लबालाही हवाय," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा छापायला लागतोय. माझा नियम गेला खड्ड्यात. शाई संपलीय."

"मला ठाऊक आहे. मीच करून ठेवली होती."

"मग कर."

"पगारी?"

"पगारी."

मी पिशवी खाली ठेवली नाही. मला हेच हवं होतं, महिनाभर यासाठीच रॉकेलचा वास डोक्यात घेऊन घरी जात होते, आणि आता मिळत होतं तर मला त्याचा राग येत होता. मिळालं तेही माझ्या चुकीमुळे. शाई चोख ठरली म्हणून नाही.

"एका अटीवर," मी म्हटलं. "चित्र कशाचं आहे ते आधी सांगायचं. मग मी शाई करीन."

"म्हणजे तू आता सेन्सॉर?"

"नाही. सांगायचं. मी नको म्हणणार नाही. पण मला कळलं पाहिजे. पुढच्या वेळी कुणी मला विचारलं तर मला उत्तर देता आलं पाहिजे."

"चित्र समजावून सांगितलं की मरतं."

"मग जरा मरू दे."

त्यानं कपाळावर हात मारला. बंगालीत काहीतरी पुटपुटला. गिधाड हा शब्द त्यात होता. मग उठला, टेबलाखालून एक कागद ओढून काढला आणि माझ्यासमोर आपटला. कागदावर एक खूप लांब खुर्ची होती, बाकाएवढी, आणि तिच्यावर एकच बारकासा माणूस, पाय लोंबकळत.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सरकारी कचेरी."

"माणूस साहेब आहे की कामासाठी आलेला?"

पुलकदा थांबला. कागद उचलून उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि मग वैतागून म्हणाला, "थांब, मला विचार करू दे."

मी पिशवी खाली ठेवली आणि चिंचोक्याचं पीठ चाळायला घेतलं.